चारच्या कार्यक्रमाचं आवतण

नांदेडहून लेकीचा फोन आला. "आई, रविवारी दुपारी चारला दाखवणारेत."

मी म्हणाले, "चारला? दुपारी?"

"हाव. आता तोच टाइम हाय त्याचा."

मला धक्काच बसला. बारा-तेरा वर्षांमागं तोच गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम रात्री नऊला लागायचा, आणि त्या वेळेला लातूरच्या आमच्या गल्लीत रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. दुपारी चारला तर सगळं लातूर पंखा लावून आडवं पडलेलं असतं. लेकीनं सांगितलं की वाहिनी तो कार्यक्रम आता बंदच करणार आहे. कुणी बघतच नाही म्हणे. जाताजाता जुन्या पोरापोरींना बोलावून एकेक गाणं म्हणवून घेतलं होतं, त्यात हिचंही एक होतं.

ती नांदेडला एका इंग्रजी शाळेत गाणं शिकवते. शिकवते म्हणजे काय, गॅदरिंगला लेकरं नाचतात त्याच्या मागं पेटी वाजवते. स्वतःचा रियाज दोन वर्षांपासून बंद. त्याच फोनवर ती म्हणाली, "आई, गल्लीतली माणसं बसतील ना बघायला? मागच्यासारखी? बसली तर मी रियाज परत धरते. न्हाई तर पेटी तुझ्याकडंच ठेवून जाते. मला ती घरात बघवत न्हाई आता."

"बसतील म्हंजे?" मी म्हणाले. "मी जिती हाय अजून. तू ये तर खरी."

बोलायला काय जातंय!

मागच्या वेळचं सांगते. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आमचे हे तहसीलला कारकून. पोरगी मुंबईत शेवटच्या आठांत पोचली आणि आम्हाला काय करू अन् काय नको असं झालं. दर शनिवारी मी हळदकुंकवाचं ताट घेऊन घरोघर जायची आणि लग्नाचं द्यावं तसं टीव्ही बघायचं आवतण द्यायची. अंगणात जाजम, ओट्यावर टीव्ही, चिवड्याचं घमेलं. बाया लेकरांना मांडीवर झोपवून बसायच्या. तिचं गाणं संपलं की सगळेजण मोबाइल काढून मत पाठवायचे, आणि मी चष्मा लावून प्रत्येकाचं गेलं का नाही ते बघायची. मास्तरीण होते ना, तपासल्याशिवाय सोडत नव्हते.

मग वाहिनीची माणसं आमच्या घरी आली. त्यांना आमचं घर पसंत पडलं नाही. फारच बरं निघालं म्हणे! स्लॅबचं घर, दारात नळ, नळाला आठ दिवसांआड का होईना पाणी. त्यांनी मला स्वयंपाकघरातली घागर घ्यायला लावली, डोक्यावर ठेवायला लावली आणि गावाबाहेर एका मोडक्या विहिरीपाशी तीन वेळा चालवलं. तिसऱ्या वेळेला म्हणाले, बाई, जरा रडा. मी रडले. लेकीसाठी काय नाही करणार माणूस? टीव्हीवर ते लागलं तेव्हा सगळी गल्ली पोट धरून हसली, आणि हसतहसतच मतं पाठवली.

त्याच आठवड्यात तिला दोन दिवस घरी सोडलं होतं. तिथं आम्ही माती खाल्ली. आमच्याकडं माणूस जरा मोठं झालं की त्याचा सत्कार केल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. निकाल लागायचा होता, तरी उघड्या जीपवर बसवून तिची मिरवणूक काढली. सकाळी माझ्या माहेरी मुरुडला, दुपारी लातूरला, संध्याकाळी सासरच्या गावी अहमदपूरला. उन्हाळ्याचे दिवस. दर चौकात शाल, नारळ, गुलाल, आणि माइक पुढं करून, "एक होऊ द्या ताई." दुपारीच तिचा आवाज चिरकायला लागला. लातूरच्या चौकात तिनं माझा हात दाबून हळूच सांगितलं, "आई, गळा दुखून राहिला. बास करा म्हण त्यांला." माझ्या भोवती सगळी ओळखीची तोंडं, माझ्या शाळेतल्या बाया, पुतण्या-भाच्या. मी तिच्या कानात म्हणाले, "म्हण की एक. आपलीच माणसं हायत."

ती म्हणाली. अहमदपूरला आणखी चार गाणी म्हणाली. पुढच्या शनिवारी टीव्हीवर वरच्या पट्टीत तिचा आवाज फुटला आणि तिला घरी पाठवलं. गुलाल गळ्यात गेला होता, नुसता घसा बसला होता, औषधानं पंधरा दिवसांत बराही झाला. पण ते पंधरा दिवस काही परत आले नाहीत. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि मीही विषय काढला नाही. मला भ्या वाटायचं.

तर ह्या वेळेला मी परत ताट घेऊन निघाले. पहिलं घर समोरच्या वकीलकाकूंचं. त्यांनी कुंकू लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, लिंक पाठवा ना. सवडीनं बघते." मी म्हणाले, "लिंक न्हाई, चारला यायचं हाय, माझ्या घरी." त्या हसल्या. म्हणाल्या, बघते.

त्यांच्या शेजारी टीव्हीच नव्हता. पोरगी डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला बसणार म्हणून भिंतीवरून काढून माळ्यावर टाकलेला. पुढच्या तीन घरांत तीच तऱ्हा. ज्या घरात लेकरू क्लासला जातं त्या घरात टीव्ही लावायचा नाही, असा ह्या गावाचा कायदाच झालाय. उरलेल्या घरांत टीव्ही होते, पण त्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या.

कोपऱ्यावरचे रिटायर गुरुजी मात्र तोंडावरच बोलले. "बाई, ते सगळं लिहिलेलं असतंय. रडणं लिहिलेलं, हारणं लिहिलेलं. कुणी बघावं?"

मी भडकले. "गुरुजी, माझी लेक खरीच गाती."

"पोरगी खरीच गाती हो. मी न्हाई कुठं म्हणतोय? पण घागर घेऊन तुम्हीच चालला होतात की विहिरीला. नळ तुमच्या दारात. त्या दिवशी आम्ही हसलो, पण तवापासून त्यातलं कायीच खरं वाटंना."

मी ताट घेऊन घरी आले. सत्तावीस घरं झाली होती. बावीस जणांनी "बघू" म्हटलं होतं, आणि आमच्याकडं बघू म्हणजे काय ते लहान लेकरालाही कळतं. तरी मी चिवडा केला, जाजम झटकलं. आमचे हे म्हणाले, एवढा चिवडा कशाला? मी म्हणाले, तुम्ही गप बसा.

रविवारी अकराच्या एसटीनं लेक आली. हातात पेटी. मी विचारलं, "ही कामून आणली?" ती म्हणाली, "सांगितलं होतं की तुला." जेवताना ती दोनदा अंगणाकडं बघून आली.

चार वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा जाजमावर चौघीजणी होत्या. हातात मोबाइल घेऊन वकीलकाकू, ऐकू न येणारी मागच्या घरची आजी, आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या दोन पोरी. त्या आधीच सांगून बसल्या होत्या, "मावशी, फक्त पंधरा मिनिटं हं, साडेचारला टेस्ट हाय." लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी म्हणाले, "येतील गं. लातूरची माणसं टायमावर कधी आलीत?"

मग मी टीव्ही लावला. नंबर दाबला. पडदा निळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात आलं, ही वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही.

मी परत दाबला. रिमोट मांडीवर आपटला, सेल काढून फिरवून घातले, आणि परत दाबला.

"अहो, हे काय झालं?"

आमचे हे चष्मा पुसत म्हणाले, "अगं, तीन वर्षं झाली की बंद करून. तूच म्हणालीस, कोण बघतंय ते, काढून टाका."

मीच म्हणाले होते. खरंच. ती स्पर्धेतून बाहेर पडली तेव्हापासून तो कार्यक्रम माझ्याच घरात लागला नव्हता. मी सगळी गल्ली पालथी घातली, गुरुजींवर भडकले, लोकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि एकदासुद्धा माझा टीव्ही लावून बघितला नाही.

वकीलकाकू उठून माझ्या जवळ आल्या. "असू द्या बाई, मोबाइलवर लागंल." त्या बोटानं काहीतरी शोधत राहिल्या. क्लासच्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. आजीनं मोठ्यानं विचारलं, "झालं का गाणं?"

मला ते सहन होईना. चिवड्याच्या ताटल्या तशाच, माणसं तशीच, आणि तिकडं मुंबईच्या कुठल्यातरी मशीनमध्ये माझ्या लेकीचं गाणं चालू झालेलं, आणि इथं कुणाच्या कानावर नाही. मी काहीतरी करायला हवं होतं. मी वळले आणि तिला म्हणाले, "अगं, पेटी हाय की. तूच म्हण एक. आपलीच माणसं हायत."

बोलले, आणि बोलल्यावर कळलं काय बोलले ते.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. तेरा वर्षं आम्ही दोघींनी ज्याचा विषय काढला नव्हता ते आता त्या अंगणात चौघींसमोर आमच्या मधे उभं होतं.

"त्या दिवशी बी तू हेच म्हणाली होतीस, आई," ती म्हणाली.

क्लासच्या पोरी टेस्टला गेल्या. वकीलकाकू मोबाइल बघत घरी गेल्या, त्यांना ते सापडलंच नाही. आजीनं दोन ताटल्या चिवडा खाल्ला. लेकीनं जाजमाचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून त्याची घडी घातली.

ती सहाच्या एसटीनं नांदेडला परत गेली. स्टँडवर मी म्हणाले, "पेटी घेऊन जा गं." तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ठेव तुझ्याकडं. वरून कापड टाक, धूळ बसते."

पेटी माझ्या खोलीत आहे. रोज सकाळी मी कापड काढते, पुसते आणि परत झाकते. मला वाजवता येत नाही.