तिसऱ्या खांबावरचे ठोके

या ग्रुपवर मी फक्त वाचते, लिहीत नाही. भूतखेत, संकेत यांवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

डोंगरकडा गावाहून कळमनुरीकडे जाताना ओढ्यावर एक जुना दगडी पूल लागतो. गेल्या वर्षी त्यावर कंपनं मोजणारे सेन्सर बसवायला मी गेले. माझे बाबा याच रस्त्यावर मैलकुली होते — खड्डे बुजवायचे, गवत काढायचे. पावसाळा सरला की हातोडीने पुलाचा एकेक दगड ठोकून ऐकायचे. दोन ठोके, थांबायचं, मग एक. मी इंग्लिश मीडियमला. शाळेच्या फॉर्मवर बाबांच्या कामापुढे मी ‘गव्हर्नमेंट सर्व्हिस’ एवढंच लिहायचे. ते जाऊन चार वर्षं झाली.

दुपारी वाहतूक थांबवून रीडिंग घेतलं. तिसऱ्या खांबाच्या सेन्सरवर ठोके उमटले. दोन... मग एक. खाली कोणीच नव्हतं.

“मॅडम, वायर ढिल्ली असंल,” आमचे टेक्निशियन इरफानभाई म्हणाले. वायर बदलली, सेन्सर बदलला. ठोके तेच! शेवटी मी ते नॉईज समजून फिल्टरने काढून टाकले. उरलेल्या आकड्यांत पूल ठणठणीत होता.

पण गाडीत बसवेना. हातोडी घेऊन खाली उतरले आणि तिसरा खांब ठोकला — बाबांसारखाच. आवाज पोकळ आला.

“काय गं पोरी,” वरून चहाच्या टपरीवरच्या मावशी ओरडल्या, “एवढ्या मशिनी हायेत, तरी ठोकून काहून राहिली? आमचा मैलकुली बी बराबर असाच ठोकायचा.”

“माझे बाबा होते ते.” हे मी पहिल्यांदाच कुणाला मोठ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कळमनुरीचा बाजार. भरलेले टेम्पो, माणसं, सगळं याच पुलावरून जाणार. मी पूल बंद करा म्हटलं, तर फोनवर आमचे साहेब वैतागले. “आकडे नॉर्मल आहेत. कशाच्या जोरावर बंद करायचा?”

मी कधी वाद घालत नाही. “सर, मी ठोकून पाहिलंय. एकही गाडी सोडू नका.”

पूल बंद झाला. खांबाचे दगड काढले, तर आतली भर वाहून गेलेली. माझा हात कोपरापर्यंत आत गेला.

पोकळीचं कारण कळलं. ठोक्यांचं नाही. सेन्सरचं ते मूळ रेकॉर्डिंग आवाजात बदलून मी जपून ठेवलंय. घरी गेल्यावर काहीही न सांगता आईच्या कानाला हेडफोन लावला. ती बोटाने मांडीवर तेच ठोके देऊ लागली — दोन, मग एक.

मग म्हणाली, “ऊन किती चढलं. जेवून घ्या म्हणावं त्यांना.”