विहीणबाईंची रुजवात

माझ्या विहीणबाईंच्या आमटीवर मी एकदा भर जेवणात खोटा आळ घेतला, हे आधी कबूल करते आणि मोकळी होते. तेव्हा मी अवघी सदुसष्ट वर्षांची, म्हणजे अल्लडच होते. हातात नवा मोबाइल, आणि जगातलं सगळं ज्ञान आता आपल्या अंगठ्याखाली आलंय असा समज. पुढे थोडंफार शहाणपण आलं, पण तेही विहीणबाईंकडून उसनं आणलेलं. अख्ख्या नाशकात त्यांच्याइतकी खातरजमा करणारी बाई दुसरी नाही. उद्या वर गेल्या, तर चित्रगुप्तालाही सांगतील, "ही नक्कल झाली. मूळ वही काढा, मग बोलू."

कोर्टाच्या नकला विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. कागदाची नक्कल तयार झाली की दोघांनी समोरासमोर बसायचं; एकानं नक्कल मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं, आणि अक्षर न् अक्षर जुळलं की खाली सही. याला म्हणतात रुजवात. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात. यांनी रुजवात घरी आणली. मुलांच्या लग्नपत्रिका छापून आल्या तेव्हा मला फोनवर अख्खी पत्रिका वाचायला लावली, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं"सकट. हॉटेलात थाळी आली की आधी बाहेरच्या पाटीशी ती जुळवून बघतात; पाटीवर पापड असेल आणि ताटात नसेल, तर पहिला घास पापड आल्यावर. पण त्यांची खरी भक्ती औषधाच्या डबीतल्या कागदावर. तो तलम, शंभर घड्यांचा, मुंगीच्या अक्षरातला कागद आपण डबीबरोबर फेकून देतो. त्या तो इस्त्री करून फायलीत लावतात. मेडिकलवाल्यानं नुसती पट्टी कापून पुढे केली, की यांचा हात तसाच पसरलेला. "कागद?" तो बिचारा आता त्यांच्यासाठी कागद जपून ठेवतो. सोसायटीतल्या एका काकांनी ग्रुपवर खोकल्याच्या औषधाची माहिती टाकली, तर यांनी कागद काढून तीन फरक दाखवले. काका खोकत खोकत ग्रुपमधून बाहेर पडले. "नेटवर लिहिलंय" असं कुणी म्हटलं की यांचा प्रश्न ठरलेला, "खाली सही कुणाची?" मात्र अमुक औषध घ्या, तमुक सोडा, असं त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. म्हणतात, "अक्षर बघणं माझं काम. अर्थ डॉक्टरांचा."

तर माझा पराक्रम. डॉक्टरांनी मला हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती. कशी घ्यायची तेही सांगितलं होतं, पण त्या वेळी मी त्यांच्या खोलीतले पडदे न्याहाळत होते. घरी येऊन मोबाइलवर शोधलं. एका पानावर गोड मराठीत लिहिलं होतं, झोपण्यापूर्वी कोमट दुधाबरोबर घ्या आणि विश्रांती घ्या. हाडं म्हटली की दूध आणि वय म्हटलं की विश्रांती! मला ते इतकं पटलं, की दोन मैत्रिणींनाही पाठवलं. दर गुरुवारी रात्री पेलाभर दुधाबरोबर गोळी घेऊन मी खुशाल आडवी होत असे. तीन-चार गुरुवार गेले आणि छातीत निखारा ठेवल्यासारखी आग सुरू झाली.

त्यातच नातीचा वाढदिवस आला. जेवण विहीणबाईंकडे, नाशिकरोडला. त्यांचं माहेर सिन्नरचं. काळ्या मसाल्याची आमटी त्यांनी करावी आणि बाकीच्यांनी ओरपावी. दुसऱ्याच घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वीस माणसांसमोर मी म्हणाले, "विहीणबाई, गेल्या महिन्यात तुमच्याकडे जेवले, तेव्हापासून हे जळणं मागे लागलंय. मसाला आहे की सूड?"

माझी लेक हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. सासू आणि आई यांच्या मधे उभं राहायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

विहीणबाईंनी भांडं खाली ठेवलं. "वीस जणांनी तीच आमटी खाल्ली. जळलं तुमचं एकटीचं. आणखी काय जातंय पोटात?"

"काही नाही हो. हाडांची एक गोळी. ती तर नीट दुधाबरोबर घेते, नेटवर बघून."

"डबी कुठंय?"

डबी पर्समध्ये होती. आतल्या कागदाची घडीही मोडलेली नव्हती. विहीणबाईंनी हात धुतले, भिंग आणलं, कागद टेबलावर पसरला. "तुम्ही मोबाइल वाचा. मोठ्यानं."

"दुधाबरोबर घ्यावी."

"इथे साधं पाणी आहे. पेला भरून. पुढे?"

"झोपण्यापूर्वी."

"सकाळी उठल्यावर, अनशापोटी. पुढे?"

"त्यानंतर विश्रांती घ्यावी," मी पुटपुटले.

त्यांचं बोट थांबलं. आवाज खाली आला. "अर्धा तास आडवं व्हायचं नाही, लिहिलंय. अन्ननलिकेला जखम होऊ शकते. गिळताना दुखलं, तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा." मग भिंग बाजूला करून माझ्याकडे बघितलं. "विहीणबाई, गिळताना दुखतंय का तुम्हाला?"

एरवी माझं तोंड बंद होत नाही म्हणून जावई कानात कापूस घालून बसतात. त्या दिवशी मी नुसती होकाराची मान हलवली.

केक तसाच राहिला. डॉक्टरांकडे जाताना रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी एका कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने केले, इकडे मूळ, तिकडे नक्कल, आणि खाली "रुजवात घेणार" म्हणून सही ठोकली. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि गोळी तिथल्या तिथे बंद केली. पुढे दुर्बीण घालून पाहिलं, तर आत खरंच जखमा होत्या. "भरून येतील. वेळेत आलात," ते म्हणाले. मोबाइलवर पाठवलेलं पान लोकांच्या डोक्यातून परत मागवता येत नाही, म्हणून त्या दोन मैत्रिणींना मी फोन करून माझा मूर्खपणा तपशीलवार ऐकवला. एकीला इतकी मजा वाटली, की तिनं तो पुन्हा सांगायला लावला.

दीड-दोन महिन्यांनी आग शमली, तेव्हा आमटीची माफी मागायला मी नाशिकरोडला गेले. वाटेत छान वाक्यं जुळवली होती. विहीणबाईंनी पहिलंच वाक्य अर्ध्यात तोडलं आणि माझ्यापुढे नेटवरच्या माहितीची छापील पानं ठेवली, त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांच्या थेंबांची. स्वतः डबीतला कागद घेतला. "वाचा." मी तासभर वाचत होते. इंग्रजी औषधांची नावं जिभेवर अडखळत, ठेचकाळत पुढे सरकत होती. त्या डोळे बारीक करून एकेका शब्दावर बोट सरकवत होत्या. फरक एकही निघाला नाही. तरी त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत मला सोडलं नाही, आणि मीही घड्याळाकडे पाहिलं नाही. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या आणि कठड्याला धरून म्हणाल्या, "तुमचे उच्चार फार वाईट आहेत हो, विहीणबाई. पण हे गेल्यापासून वाचायलाही मीच आणि बोट ठेवायलाही मीच होते. पुढच्या आठवड्यात या."