सायन्स हाय म्हणले अन् मी गप बसले

त्या दिवशी घरात आमी सहा जण व्हतो. मी, माझा पोरगा, सून, त्यांची पोरगी म्हणजे माझी नात, बाळंतपणाला माहेरी आलेली माझी लेक, अन् तिचं नऊ दिवसाचं लेकरू. मालक जाऊन लई वर्षं झाली. बाहेरचं कोणी आलं न्हाई. जे झालं ते आमच्याच हातानं झालं, म्हणून हे आधी सांगून ठेवते. मला सही करता येते, लिहिता येत न्हाई. मी सांगते अन् नात लिहिते.

लेकीची कूस बारा वर्षानं उजवली व्हती. सासरी तिनं काय काय ऐकलं ते तिचं तिला ठाऊक. म्हणून मी त्या लेकराला फुलावानी जपून राहिले व्हते.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून आत. घर तीन खोल्याचं, वर पत्रा. पुढच्या खोलीत आमी, मधल्या खोलीत धान्य, आतल्या खोलीत बाळंतीण. आतली भिंत पत्र्याला टेकलेली न्हाई, वर हातभर मोकळी हाय. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत मी जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले. बाजेखाली शेगडी ठेवली, कोपऱ्यात शेकायला वाफाळत्या पाण्याचं पातेलं. सकाळ-संध्याकाळ ओवा, शेपा अन् लसणाच्या सालीची धुरी. माझ्या आईनं माझं केलं, तसंच मी केलं.

पोरगा हळद घेऊन हिंगोलीला गेलता. येताना औषधाच्या दुकानातून धान्यात ठेवायच्या गोळ्या घेऊन आला. आमी ज्वारीत लिंबाचा पाला अन् राख घालणारी माणसं. मी म्हणलं, आत बाळंतीण हाय, हे काहून आणलं?

"आई, तुझ्या पाल्याला किडे हसून राहिले," तो म्हणला. "दुकानदारानं सांगितलं, हे सायन्स हाय."

सून चुलीपासून म्हणली की बरं झालं, राखेनं भाकर दाताखाली कचकच करती.

तो शब्द मला नवा न्हवता. नात अकरावीला सायन्सला गेली तवा गल्लीत घरोघर मीच सांगून आले व्हते. त्याचा अर्थ मला ठाऊक न्हवता. पण सांगितलं की समोरचं माणूस गप बसतं, एवढं कळलं व्हतं. टीव्हीत साबण विकणारी बाई बी तोच शब्द म्हणती. कोणी म्हणला की पुढं विचारायचं न्हाई, असाच तो शब्द आमच्याकडं चालतो.

तरी मी पुटपुटत राहिले, तवा पोरग्यानं डबी नातीच्या हातात दिली. तू सायन्सची ना, सांग तुझ्या आजीला, म्हणला. डबीवर मुंगीएवढी इंग्रजी. पोरीनं वरवर पाहिलं. बाप समोर उभा. एवढा खर्च करून शिकून राहिली, मला कळंना असं तिनं म्हणावं कसं? "व्हय आजी, बराबर हाय," म्हणली.

मी गप बसले. दुपारी पोरग्यानं पोत्यात गोळ्या ठेवल्या, वरून ताडपत्री टाकली, अन् मधल्या खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणली, डोकं जड झालं. मंग उलटी झाली. मी म्हणलं पित्त हाय, रात्री शेपूची भाजी जास्त झाली. लेकरू दूध ओढीना. नजर लागली म्हणून मीठ-मोहरी उतरून टाकली. माझं बी डोकं ठणकत व्हतं, मी म्हणलं जागरण.

डिंकाच्या लाडवाच्या डब्याला रोज मुंग्या लागायच्या. त्या दिवशी एक बी न्हवती. मला बरंच वाटलं. भिंतीवरली पाल खाली पडून मेली व्हती, ती मी केरात लोटली. रोज बाजेखाली येऊन बसणारी मांजर उंबऱ्यापर्यंत आली अन् माघारी फिरली. हे सगळं मी ह्या डोळ्यानं पाहिलं. पाहिलं अन् कामाला लागले.

लेक म्हणली, आई, वास येऊन राहिला. मी म्हणलं कालच्या धुरीचा हाय, सहन कर जरा.

दुपारी नात कॉलेजातून आली अन् आत्याजवळ जाऊन बसली. जरा वेळानं बाहेर येऊन तिनं मला विचारलं, "आजी, आज धुरी कधी केली?"

मी सांगितलं, केलीच न्हाई. उलट्या व्हत्या म्हणून सकाळची धुरी मी टाळली व्हती.

"मंग लसणाचा वास कशाचा?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. पोरगी धावत डबी घेऊन आली, मोबाईलमंदी एकेक शब्द घालून वाचू लागली. तिचा आवाज बारीक झाला. माणसं राहतात तिथं ह्या गोळ्या ठेवू नये, असं लिहिलेलं व्हतं. ओल लागली की लसणाच्या वासाचा जहरी वायू निघतो, असं लिहिलेलं व्हतं. भिंतीवरच्या मोकळ्या जागेतून तो वायू आत येत व्हता, अन् आतल्या खोलीत मी दिवसभर गरम पाण्याची वाफ कोंडून ठेवली व्हती.

पोरग्यानं बहिणीला उचलून अंगणात आणलं. लेकरू माझ्याजवळ. शेजारच्यांच्या जीपमधी बसून आमी हिंगोलीला निघालो. नाका यायच्या आधीच माझ्या हाताला कळलं. मी कोणाला सांगितलं न्हाई. दवाखान्यापर्यंत तसंच पदराखाली धरून बसले, कारण लेक सारखी विचारून राहिली व्हती, झोपलं का. मी म्हणत व्हते, झोपलं.

लेक जगली. चौथ्या दिवशी तिला बोलता आलं तवा एवढंच म्हणली, "आई, मी म्हणत व्हते ना, वास येऊन राहिला." तिच्या सासरच्यांनी बी मला काही म्हणलं न्हाई. म्हणले असते तर बरं झालं असतं. आता ती फोनवर बोलते, माहेरी येत न्हाई.

पोरगा म्हणायचा सायन्सनं घात केला. एक दिवस नात बापाला पहिल्यांदा उलटून बोलली. न्हाई बाबा, म्हणली, सायन्सनं तर डबीवर लिहून ठेवलं व्हतं. मंग तिनं मला समजावलं, की इंग्रजीतला हा शब्द कुठल्या तरी जुन्या भाषेतून आला, अन् तिथं त्याचा अर्थ निस्ता जाणणं असा हाय. पाहायचं, विचारायचं, पुन्हा पाहायचं, चुकलं तर चुकलं म्हणायचं. "मी न वाचता व्हय म्हणले आजी, ते सायन्स न्हवतं," म्हणली अन् रडली. मी तिला उगी केलं न्हाई. मला बी कोणी केलं न्हाई.

मी इचार करते, मुंग्या गेल्या, पाल मेली, मांजर फिरली, हे जाणायला शाळा कशाला लागती? पण मी माझ्या आईचं नाव घेऊन खिडकी बुजवली, पोरग्यानं सायन्सचं नाव घेऊन दार लावलं. नाव दोघांनी घेतलं. जाणलं कोणीच न्हाई.

परवा पलीकडच्या घरी गेले व्हते. निजायच्या खोलीत ताडपत्रीखाली पोती, बाजूला लेकराची झोळी. मी विचारलं तर घरची सून हसली. म्हणली, "आजी, ते सायन्सचं हाय, तुमाला न्हाई कळायचं." सायंकाळी सांगायला पुन्हा गेले तर दार लावलेलं, कडी आतून. हाक मारली, वाजवलं, तवा कुठं उघडलं. ह्या खेपेला हसतील तर हसू दे म्हणून मी झोळी सोडून लेकरासकट बाहेर आणली.

मी गावात सगळ्या घरी पोचू शकत न्हाई, पाय चालत न्हाईत. तुमी हे वाचलं असंल तर एवढं करा. घरात धान्याला गोळ्या लावल्या असतील तर आजच लेकराला दुसऱ्याच्या घरी निजवा.