गॅरेजमधला वीर

व्हिक्टरदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी पॅरामॅटाच्या स्टॉपवर लाइट रेलची, म्हणजे ट्रामची, वाट बघत होते. ग्रेटावहिनीचा फोन आला, झोपेतच गेला म्हणाली. सख्खा मोठा भाऊ, पण रडू आलं नाही. शिसारी आली... सहा आठवडे झाले, अजून ती गेलेली नाही. चर्चमध्ये त्याची मिस्सा संपल्यावर जो तो मला सांगत होता, वाघ होता तुमचा भाऊ. वाघ कसला, रुसूबाई होता.

गुणी होता, हे मात्र नाकारणार नाही. माझ्या रियाला बारावीला ग्रीक महाकाव्याच्या नायकाचे गुणदोष लिहायचे होते. दादा दर शनिवारी तिला शिकवायला स्कोफिल्ड्सहून ट्रेनने यायचा, कागदावर मधोमध रेघ ओढायचा. शौर्य, मैत्री, दिलेला शब्द... डावी बाजू भरून जायची, उजवी कोरीच. रियाने विचारलं, अपमान झाला म्हणून हा तंबूत बसतो आणि बाहेर त्याचीच माणसं मरतात, हा दोष नाही का? दादा म्हणाला, त्याला मानाने बोलवायला हवं होतं.

“पण मामा, they did. They begged him.”

दादाने चहा मागितला.

पुढे रियाच्या लग्नात टोस्ट द्यायला, म्हणजे ग्लास उंचावून नवरानवरीसाठी चार शब्द बोलायला, तिने मैत्रिणीला उभं केलं. आमच्या घरात टोस्ट मामाच देतो, आणि दादा महिनाभर आरशासमोर तयारी करत होता. चूक आमची होती, मान्य. पण हा भर जेवणातून उठला, गाडीत जाऊन बसला, आणि त्यानंतर चार वर्षं गॅरेजमध्ये. खुर्ची, पुस्तकं, रेडिओ. आमचं तोंड बघायचं नाही. एवढ्याशा टोस्टसाठी! आई नर्सिंग होममध्ये अंथरुणाला खिळली, रोज विचारायची, व्हिक्टर आला का? मी वहिनीकडून निरोप पाठवले. उत्तर एकच, बहिणीने स्वतः येऊन बोलवावं. आई मरायला टेकली आणि याला मानपान! महाकाव्यातला तो वीर निदान जिवाचा माणूस गेल्यावर तरी उठला. आमचा वीर आईला पुरताना सिमेट्रीच्या गेटपाशी उभा राहिला आणि तिथूनच परत गेला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आई जायच्या तीन दिवस आधी मी त्याच्या घरी गेले होते. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, खालून त्याच्या चपला दिसत होत्या. हाक मारायची, एवढंच काम. पण मनात आलं, दर वेळी मीच का वाकायचं... आणि मी गाडीत बसून निघून आले.

परवा वहिनीला सामान आवरायला मदत करायला गेले. गॅरेजमध्ये त्याच्या खुर्चीसमोर दुसरी एक फोल्डिंगची खुर्ची होती. मी ती घडी करायला लागले तेव्हा वहिनी म्हणाली, “ती तुझ्यासाठी मांडलेली. दर रविवारी पुसायचा. त्या दिवशी तुझी गाडी बघितली होती त्याने.”

बघितली, आणि उठला नाही. मी आले, आणि हाक मारली नाही. आणि तिकडे आई दाराकडे बघत पडलेली. आता दादाची किळस करायला बसले की माझीच येते.

वहिनीने खुर्ची मला देऊन टाकली. गाडीच्या डिकीत पडली आहे. घरात आणवत नाही, टाकवतही नाही.