सीडीच्या कडेचा टवका

इजेक्टचं बटण दाबलं की आतून घर्र-घर्र आवाज यायचा, सीडीची कड फटीत नखभर दिसायची आणि पुन्हा आत जायची. चार वेळा दाबलं, चारही वेळा तेच.

"आता पाचव्यांदा दाबू नका," मी म्हणालो. "मोटर जळून जाईन."

व्हॅनच्या ड्रायव्हर सीटवर एक माणूस बसला होता. त्यानं बटणावरचं बोट काढून घेतलं. पन्नाशीचा, अंगानं पार उतरलेला, मे महिन्याच्या उन्हातही गळ्याला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. मांडीवर शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. बाजूला त्याची मुलगी होती, वीस-बावीस वर्षांची. उत्तरं तीच देत होती. बाभुळगावकडून आले होते.

गाड्यांमध्ये टेप आणि सीडी प्लेअर बसवायचं माझं यवतमाळला दुकान होतं. ती वर्षं वाईट होती. कापसाचं काही खरं नव्हतं, आणि आमच्याकडे कापूस बसला की सगळ्यात आधी गाडीतलं गाणं बंद पडतं. नवा प्लेअर बसवायला महिनोन्महिने कोणी येत नव्हतं. येणारे बिघडलेलं घेऊन यायचे. माझा स्वभाव मुळातच तिरसट, त्यात या दिवसांनी भर घातली होती.

"हे काहून बोलत नाहीत?" मी मुलीला विचारलं.

"नागपूरले ऑपरेशन झालं बाबाचं. तंबाखूचा खर्रा खायचे. आवाजाची पेटीच काढून टाकली डॉक्टरनं."

"आणि सीडी कायची आहे?"

"मंगलाष्टकाची. सोमवारी लग्न आहे माह्यं."

"मंगलाष्टकं तर बाजूच्या दुकानात भेटतात. दुसरी घेऊन जा ना."

"तशी नाही चाचा, ही..."

"बरं बरं. सरक तिकडं, पाहू दे मले."

तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. इतक्या वर्षांनंतरही ते अर्धं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

अडकलेली सीडी काढायची सरळ रीत अशी: डॅशबोर्डचं कव्हर काढायचं, प्लेअर वायरींसकट बाहेर घ्यायचा, झाकणाचे स्क्रू खोलायचे. आत रबराचे दोन रूळ असतात, तेच सीडी आत ओढतात आणि बाहेर ढकलतात. त्यांचं चाक बोटानं हळूहळू फिरवायचं, की सीडी अलगद हातात येते. तासभराचं काम. दुसरी रीत आखूड. स्टीलच्या पातळ पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, पट्टी फटीतून सीडीच्या वर सरकवायची, दाबायची आणि ओढायची. दोन मिनिटांत मोकळं. मी शेकडो सीड्या अशा ओढल्या होत्या.

त्या दिवशी शुक्रवार होता. जुम्म्याच्या नमाजला वीस मिनिटं राहिली होती. दोष नमाजचा नाही. "तासभर बसा, मी आलोच" असं म्हटलं असतं तर बापलेक निमूट बसले असते. मी पट्टी घेतली.

पहिल्यांदा सीडी हलली नाही. कशाला तरी अडली होती. मी टेप बदलली, जास्त दाबली आणि झटका दिला. करकर असा आवाज झाला आणि सीडी बाहेर आली.

तिच्या पाठीवर कुंकवाचा बोटभर डाग होता, आणि कुंकवात चिकटून वाळलेला तांदळाचा दाणा. अक्षता. तोच दाणा रुळाखाली अडकत होता.

"सीडीले काय देवात बसवता का तुम्ही?" मी खेकसलो.

"आईनं ठेवली होती देवापुढं, पहिल्या पत्रिकेसंग. पत्रिकेले कुंकू लावलं तसं तिलेही लावलं. मग वाजते का पाहावं म्हणून आम्ही गाडीत टाकली."

तेवढ्यात माझं लक्ष हातातल्या पट्टीकडे गेलं. टेपवर काहीतरी चंदेरी चमकत होतं, अंगठ्याच्या नखाएवढं.

आता हे समजून घ्या. लोक सीडीची चमकती बाजू जपतात. तिला हात लावत नाहीत, ओरखडा पडला की हळहळतात. खरं तर ती बाजू जाड प्लास्टिकची असते. आवाज असतो दुसऱ्या बाजूला, जिच्यावर आपण नाव लिहितो तिच्या लगेच खाली, चंदेरी वर्खाच्या पातळ थरात. कंपनीची छापील सीडी टेपला दाद देत नाही. पण घरी नाहीतर स्टुडिओत कॉम्प्युटरवर भरलेल्या सीडीचा वर्ख टेपला चिकटून निघून येतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी विचारलं नाही. या सीडीवर मार्करनं लिहिलेलं होतं, "अनिताचं लग्न".

मी सीडी उजेडाला धरली. कडेला टवका गेला होता आणि त्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता. सीडी मधून भरत कडेकडे जाते. छोटं रेकॉर्डिंग असलं तर कडेला काहीच नसतं. मंगलाष्टकं कितीशी असणार, असं मी मनाला सांगितलं. पण भरलेल्या भागाचा रंग थोडा गडद असतो, आणि तो गडद रंग थेट कडेपर्यंत गेलेला होता. तो मी पाहिला. पाहून न पाहिल्यासारखं केलं. टेप मुठीत चुरगाळून खिशात टाकली. कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं, रूळ साफ केले आणि सीडी परत आत सरकवली.

भरदार, मोकळा आवाज निघाला. मांडवात भोंगा नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. मुलगी एकदम म्हणाली, "लागली बाबा, लागली!" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्या माणसाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता आणि गाण्याबरोबर त्याचे ओठ हलत होते, नुसतेच.

मुलीनं सांगितलं. तिचे बाबा, नामदेवराव, कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्यांचे नंबर पुकारायचे, अर्ध्या किलोमीटरवरच्या गाडीला ऐकू जायचं. गावातलं एकही लग्न त्यांच्या मंगलाष्टकांशिवाय लागलं नाही. पुढं केंद्र बंद राहिलं, ते व्हॅन चालवू लागले, मग गळ्याचं निघालं. पोरीच्या लग्नाला आपला आवाज नसणार म्हणून ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात स्टुडिओत जाऊन आले. लग्न त्याच वर्षी व्हायचं होतं. दोन वर्षं कापसानं दगा दिला, तारीख दोनदा पुढं गेली.

"याची दुसरी कॉपी आहे ना?" मी विचारलं.

"नाही. स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटरच बदलला."

सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "लग्नापर्यंत आता काढू नका बाहेर." नामदेवरावांनी मला हात जोडले. ते गेल्यावर मी नमाजला गेलो. तिथं माझं मन लागलं नाही.

महिनाभरानं व्हॅन पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी नामदेवरावांसोबत त्यांची बायको होती, कमलाबाई.

"भाऊ, लग्नात लय चांगली वाजली," त्या म्हणाल्या. "सारा मांडव रडला."

"मग?"

"पुढचं लागत नाही."

"पुढचं काय?"

नामदेवरावांनी पाटीवर लिहून दाखवलं: "जागा उरली होती म्हनून बोललो."

स्टुडिओवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की अजून बरीच सीडी रिकामी आहे. तेव्हा हा माणूस माइकसमोर बसून घरी रोज जसं बोलायचा तसं बोलला होता. एकेकाला हाक मारत, सीडी भरेपर्यंत. मी व्हॅनमध्ये बसलो आणि त्यांनी ते लावलं. "अने, उठ वं, सहा वाजले." मग भावाला हाक, शेजाऱ्याला शिवी, बैलांना पाणी पाजतानाचं बोलणं. मधे खोकला. मग आवाज तुटायला लागला. टक-टक-टक, आणि प्लेअर गप्प.

"पोरगी सासरी गेल्यापासून आम्ही दोघं रोज गाडीत बसून ऐकतो," कमलाबाई म्हणाल्या. "माह्यी हाक येतच नाही. थे हातानं सांगतात, तुही हाक शेवटी आहे म्हणून. तेवढी काढून द्या भाऊ. बाकी नाही लागलं तरी चालते."

मी सीडी काढून त्यांच्यासमोर उजेडाला धरली. टवका दाखवला.

"हे माझ्या हातानं झालं," मी म्हणालो. "त्याच दिवशी. मले तेव्हाच दिसलं होतं, मी बोललो नाही. वर्ख निघून गेला की आवाजही जाते. आता हे कोणालेच काढता येत नाही."

मी शिव्या खायच्या तयारीत होतो. नामदेवरावांनी सीडी हातात घेतली आणि टवक्यावर अंगठा ठेवला. मग पाटी घेतली, लिहिलं, आणि ती बायकोकडे न देता माझ्याकडे दिली. बोटानं तिच्याकडे खूण केली.

"मले वाचता येत नाही," कमलाबाई म्हणाल्या. "अनी वाचून दाखवे. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. "अवो कमल, आलो वं मी. चहा मांड."

केंद्रावरून घरी आले की फाटकातून ते एवढंच ओरडायचे. मी दुसऱ्यांदा वाचलं, जरा मोठ्यानं.

कमलाबाई ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली.

"असं नव्हते म्हणत थे," त्या म्हणाल्या.

रागानं नाही म्हणाल्या. नामदेवरावांनी दुपट्ट्याच्या टोकानं पाटी पुसली आणि गाडी सुरू केली.

टेपची ती पट्टी मी त्याच दिवशी फेकून दिली. पुढं जितकी वर्षं दुकान चाललं, अडकलेली सीडी घेऊन कोणी आलं की मी आधी तिच्यावर काय आहे ते विचारायचो, आणि समोरचा माणूस पुरतं सांगेपर्यंत थांबायचो. आणि काम करताना काही तुटलं, तर ते त्याच वेळी दाखवायचो.