पंपाशिवाय घेतलेला मासा

इथे परदेशात, फ्लॅट बुश या उपनगरात घर बांधलं तेव्हा एक खोली बाबांसाठीच काढली होती. आई गेल्यावर ते पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. मला त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. पण दिवसभर घरात कोणी नसायचं, आणि गाडीशिवाय कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान, तेसुद्धा लांब. पुण्याला बोलायचं फोनकार्ड संपलं की ते खिडकीशी नुसते बसून राहायचे.

म्हणून त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेन्डरसनला माशांच्या दुकानात नेलं. त्यांच्या मनात एकच भरला. करडा, चपटा, तोंडाने काचेला चिकटलेला, कॅटफिशची कुठलीशी जात. दुकानदार म्हणाला, हा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरी ओढ्यांतला, जोराच्या धारेत दगड धरून राहणारा. नुसत्या फिल्टरवर जगणार नाही, वेगळा पंप घ्या. गिऱ्हाइकाच्या गळ्यात जास्तीची वस्तू कशी मारतात ते मला माहीत होतं, माझा सगळा धंदा त्यावर उभा आहे. अर्धा तास घासाघीस केली, पंप नाकारला, वर टाकीत ठेवायचे दगड फुकट घेतले. परतताना मोटरवेवर बाबांना ते दोनदा सांगितलं.

तीन आठवडे बरे गेले. बाबा अंघोळ झाली की कणकेच्या गोळ्या वळायचे, गावी नदीच्या घाटावर माशांना घालायचे तशाच. तो फक्त शेवाळ खातो, असं त्यांच्या नातीने, माझ्या मुलीने, इंग्रजीत सांगितलं. ते हसले. गोळ्या विरघळून फिल्टर तुंबला, पाण्याची धार ठिबकण्यावर आली. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला.

मी तडक हेन्डरसन गाठलं आणि दुकानदारावर ओरडलो.

"मी सांगितलं होतं," तो एवढंच म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता, त्याने सांगितलेल्या किमतीला पंप उचलला.

घरी आलो तर बाबा बाही दंडापर्यंत सारून टाकीतलं पाणी हाताने ढवळत होते. मी निघाल्यापासून तेच करत असावेत. मासा तळाशी उताणा पडला होता.

"बाबा, राहू द्या. गेलाय तो."

हात थांबला नाही. "माझं तिकीट बघ," ते म्हणाले.

मी दुसरा आणतो म्हणालो, पंप दाखवला. त्यांनी खोक्याकडे पाहिलंही नाही.

ते पुण्याला गेले ते परत आले नाहीत. दुकानदारावर माझा राग अजून आहे. पंपाशिवाय मासा देणार नाही, एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं? मी भांडलो असतो, पण पंप घेतला असता. बाबांनी दुसऱ्या कुठल्या माशाकडे पाहिलंच नव्हतं.