चौकशी घरीच होईल

हंसाबाई आपल्या वाडीतली भाजी एव्हरशाईन सिटीत दारोदार विकतात. तिथल्या एका घरातून मंगळसूत्र चोरीला गेलं आणि त्यांना पोलीस ठाण्यातून चौकशीचं बोलावणं आलं.

सून रचना म्हणाली, "आई, तुम्ही जायचं नाही. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी येऊनच करायची, असा कायदा आहे."

"घरी? उद्या आपल्या खुशीला बघायला येनार. पाहुन्यांच्या आधी पोलिसांना चा देऊ?" लेकीच्या काळजीने हंसाबाई नेसत्या साडीनिशी निघाल्या.

ठाण्यातला साहेब भला निघाला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, बोलावणाऱ्याचं चुकलं. बायकांना इथं बसवायचं नाही, अशी आम्हाला ताकीद आहे. उद्या सकाळी महिला पोलीस तुमच्याकडे येतील."

"साहेब, काय इचारायचं ते इथंच इचारा. मी माझ्या मर्जीनं आलेय."

"तुमच्याच भल्यासाठी आहे हो हे," म्हणत त्याने घराचा पत्ता लिहून घेतला.

"मग गाडी तरी नाक्यावर थांबवा," हंसाबाई म्हणाल्या. तोवर साहेबाने पुढच्या माणसाला आत बोलावलं होतं.